कारणाचा रकाना

गाडी वाळूत रुतली की बाकीची माणसं फावडं शोधतात, नाना वही शोधतात.

वही लांबट आहे, लाल कापडी बांधणीची, लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडावी अशी. पानापानावर पट्टीने आखलेले सहा रकाने आहेत: तारीख, ठिकाण, गाडी, टायरमधली हवा, लक्षण आणि कारण. पहिले पाच कोणीही भरेल. सहावा भरल्याशिवाय नाना कुणाला दोर बांधू देत नाहीत. कारण न लिहिता गाडी ओढून काढणं त्यांच्या लेखी व्हाउचर नसताना पैसे देण्याइतकं गैर आहे. पेशाने ते ऑडिटर. दुबईत आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांची चाकं तपासायला लागला, तर नवल करायचं कारण नाही.

असा एकेक गृहस्थ अमिरातीतल्या प्रत्येक वाळवंटी टोळक्यात सापडतो. पाकिस्तानी मंडळी त्याला उस्ताद म्हणतात, मल्याळी मंडळी चेट्टन म्हणतात, आमच्याकडे तो नाना असतो. त्याच्या खिशाला पेनाच्या जागी हवेचा गेज लटकलेला असतो, डोक्यावर रुंद काठाची टोपी असते, आणि तो सहसा गाडीच्या बाहेर असतो. चालवायचं काम दुसऱ्याचं. नानांची गाडी काकू चालवतात. नाना शेजारी बसून उतरायची संधी शोधतात.

ऑक्टोबरात उकाडा ओसरला की आमचा ताफा सुरू होतो, तो एप्रिलपर्यंत. पूर्वी शुक्रवारी निघायचो. २०२२ पासून इथली सुट्टी शनिवार-रविवारवर सरकली, तसे आम्हीही सरकलो. निघायचं पहाटे, कारण रात्रीच्या दवाने वाळू जरा दबून असते. दुपारच्या उन्हात तीच भुसभुशीत होते आणि सकाळी हसतखेळत चढलेलं टेकाड परतताना अंगावर घेत नाही. कधी हत्ता रस्त्यावरची बदायरची लाल टेकडी, कधी म्लेहाजवळचा फॉसिल रॉक, कधी मदामच्या पलीकडचा पट्टा. डांबर सोडायच्या जागी सगळे उतरतात, टायरमधली हवा सोडतात, लांब काठ्यांना झेंडे लावतात, म्हणजे टेकाडापलीकडून येणारी गाडी आदळायच्या आधी दिसते. सर्वांत पुढे 'लीड', सर्वांत मागे 'स्वीप', मधे बाकीची प्रजा. कॅसेरोलमध्ये पोहे, थर्मासमध्ये चहा. सगळं यथासांग. आणि मग पहिल्याच मऊ खळग्यात कुणीतरी बसतं आणि वॉकीटॉकीवर ते वाक्य येतं:

"माझं फोर-व्हील गेलंय बहुतेक."

नाना दार उघडून उतरतात. गाडी चालू असली तरी उतरतात. काकूंना आता त्याची सवय झाली आहे.

'फोर-व्हील गेलंय' म्हणणं माणसाला का सोपं जातं, याचा मी बराच विचार केला आहे. शेजारी बायको असते, मागे मुंबईहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेले सासरे असतात. त्यांच्यासमोर 'हवा सोडायचा कंटाळा केला' किंवा 'फोर-व्हीलचा दांडा ओढायचाच राहिला' असं सांगणं जड जातं. अजून हप्ते चालू असलेल्या गाडीची अख्खी यंत्रणा निकामी झाली, हे मात्र माणूस ताठ मानेने सांगतो. यंत्राने दगा दिला की चालकाबद्दलची सहानुभूती वाढते. सासरेसुद्धा म्हणतात, आजकालच्या गाड्या अशाच.

नानांना सहानुभूती हा प्रकार माहीत नाही. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"हवा किती?"

"पंधरा."

सगळे पंधराच सांगतात. रस्त्यावर ३३ ते ३६ पीएसआय हवा असते, वाळूत ती १५ पर्यंत उतरवायची, फारच मऊ असेल तर १२, हे इथे पोरंसोरंही जाणतात. हवा कमी केली की टायर बसका होतो आणि वाळूवर लांबट पाऊल टाकतो. गाडीचं वजन पसरतं आणि चाक कापत न जाता वरून तरंगतं. हे ठाऊक असल्यामुळेच सगळे पंधरा सांगतात. प्रत्यक्षात सोडलेली असते ती कंटाळा येईपर्यंत. चार टायर, प्रत्येकाच्या व्हॉल्व्हपाशी उकिडवं बसायचं, परतताना पुन्हा कॉम्प्रेसर काढून भरायची. दुसऱ्या टायरलाच माणूस मनात म्हणतो, एवढं पुरे.

नाना गेज लावतात. बावीस.

"तापून वाढली असेल," गाडीवाला म्हणतो.

इथे बाकीचे हसतात. नाना हसत नाहीत, ते हिशेब करतात. मी हा हिशेब त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की मला पाठ आहे. सकाळचं तापमान २७ अंश. पंधराचे बावीस व्हायचे तर टायरमधली हवा साधारण ७० अंशांनी तापली पाहिजे. म्हणजे ९७. "म्हणजे तुझ्या टायरवर आत्ता चहाचं आधण ठेवता यायला हवं. हात लाव." गाडीवाला हात लावतो. टायर कोमट असतो. नाना वहीत लिहितात: सांगितलेली १५, सापडलेली २२, फरक ७. ऑडिटरला चोरी सापडल्यावर येतो तो शांतपणा त्यांच्या चेहऱ्यावर पसरतो.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं. हवा सोडा, चाकांभोवतीची वाळू उकरा, स्टिअरिंग सरळ करा, आपल्याच चाकोरीतून हलकेच मागे या. दहातल्या बहुतेक गाड्या अशाच निघतात. पण नाना म्हणतात, हवा हे एक कारण झालं, ते एकमेव कारण आहे हे कशावरून? मग ते चवड्यांवर बसतात, दिवा बघतात, दांडा बघतात, आणि गाडीवाल्याला म्हणतात, "जरा ॲक्सिलरेटर दे. हळू. मी पुढची चाकं बघतो."

ही परीक्षा मात्र अस्सल आहे, हे मान्य करायला हवं. आतल्या माणसाला कुठलं चाक फिरतंय ते कळत नाही, बाहेरच्याला दिसतं. एकदा आमच्यातला एक आयटीवाला तरुण टेकाडाच्या धारेवर तिरका अडकला होता. पुढचं डावं चाक हवेत गरगरत होतं, मागचं उजवं हवेत गरगरत होतं, उरलेली दोन ढिम्म. "बघा नाना, दोनच चाकं फिरतायत. फोर-व्हील गेलं."

"फोर-व्हील ठणठणीत आहे," नाना म्हणाले. "गेलं असतं तर पुढची दोन्ही चाकं स्वस्थ बसली असती. तुझं पुढचं एक फिरतंय, म्हणजे पुढच्या धुरीला जोर पोचतोय. पण प्रत्येक धुरीत डिफरन्शियल आहे, आणि त्याला कुलूप नसेल तर ते आळशी असतं. ज्या चाकाला फिरायला कष्ट कमी, त्याला फिरवतं. हवेतल्या चाकाला काय कष्ट? म्हणून तेच फिरतंय. यंत्र बरोबर काम करतंय."

"मग गाडी का निघत नाही?"

"तो प्रश्न वेगळा आहे," असं म्हणून नानांनी कारण लिहिलं आणि उठले. गाडी नंतर आम्ही काढली. दोघं मागच्या कोपऱ्यावर लोंबकळलो, चाक टेकलं, निघाली. नाना तेव्हा पुढच्या पानावर रकाने आखत होते.

नव्या गाड्यांनी नानांचं काम वाढवलं आहे. जुन्या गाडीत एक दांडा असतो: टू-हाय, फोर-हाय, फोर-लो. फोर-लो टाकायचं तर थांबायचं, न्यूट्रल करायचं, मग ओढायचं. ओढला तर खाडकन आवाज येतो, नाही ओढला तर नाही येत. खोटं बोलायला जागा कमी. नव्यात बटणं आहेत, पडद्यावर उंटाचं नाहीतर डोंगराचं चित्र आहे, आणि वर एक शिस्तप्रिय कॉम्प्युटर आहे. चाक घसरलं की तो समजतो अपघात होतोय, आणि इंजिनाचा जोर कापतो. रस्त्यावर हे जीव वाचवणारं आहे. चढणीच्या मध्यावर मात्र तुम्ही पाय दाबताय आणि गाडी दम सोडतेय असं होतं. ते बंद करायचं बटण असतं. बऱ्याच गाड्यांत ते नुसतं दाबून भागत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं. टिचकी मारली तर अर्धंच बंद होतं. नानांच्या वहीत असं एक पान आहे, त्यात कारणाच्या रकान्यात एवढंच लिहिलंय: 'दाबले, धरले नाही.' त्या गाडीच्या मालकाने ते वाचल्यापासून तो आमच्याबरोबर येत नाही.

तिसरा वर्ग शहरी गाड्यांचा. दिसायला दांडग्या, जाहिरातीत त्या टेकाडावर उभ्या असतात. त्यांची मागची चाकं एका छोट्या क्लचमार्फत गरज पडेल तेव्हा जोडली जातात, आणि वाळूत गरज सतत पडते. क्लच तापतो, पडद्यावर सूचना येते, मागची चाकं सुटतात, आणि मग इंजिन चालू ठेवून तो थंड होण्याची वाट बघण्यापलीकडे काही करता येत नाही. अशा वेळी नाना खुलतात. कारण पडद्यावरच लिहून आलेलं असतं, वही दोन मिनिटांत भरते, आणि समोर पळून न जाऊ शकणारे श्रोते असतात. मग बॅग्नॉल्ड येतो.

राल्फ बॅग्नॉल्ड हा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर. १९३० च्या सुमारास हा माणूस सुट्टी काढून, दोस्तांना घेऊन, फोर्ड गाड्यांतून इजिप्तच्या पश्चिमेच्या महावाळूत घुसला. टायरमधली हवा कमी करून जोरात गेलं की टेकाड चढता येतं, हे त्याने करून दाखवलं. रुतलेल्या चाकाखाली घालायला पन्हळीसारखे पोलादी पत्रे वापरले, तेही कैरोतल्या भंगारवाल्याकडचे. पुढे १९४० मध्ये वाळवंटात शत्रूच्या मागे हिंडणारी एक पलटण उभी केली, आणि १९४१ मध्ये वाऱ्याने वाळू कशी हलते यावर एक पुस्तक लिहिलं, जे वाळूचा अभ्यास करणारे अजून हाताशी ठेवतात. हे सगळं सांगून झाल्यावर नाना आवाज खाली आणतात.

"आणि त्याच्या गाड्यांना फोर-व्हील नव्हतंच. नुसती मागची चाकं."

श्रोते गप्प.

"नसल्यामुळे बिघडलं नाही," नाना म्हणतात. "रुतला की त्याला खरं कारण शोधावं लागायचं."

यावर कुणीतरी म्हणतं, नाना, पोहे गार होतायत. पण मला विचाराल तर हे वाक्य ऐकण्याजोगं आहे. पुढच्या चाकांना जोर नसलेल्या गाड्या ज्या वाळूतून गेल्या, तिथे आपण आज चारही चाकांना जोर असलेल्या, थंडगार, दोन टन वजनाच्या गाड्या घेऊन रुततो आणि दोष चारातल्या दोन चाकांना देतो.

सनायात नानांची वेगळीच ख्याती आहे. सनाया म्हणजे शारजाचा औद्योगिक भाग. गॅरेजं, भंगार, जुने सुटे भाग, आणि कळकट बाकड्यावरचा करक चहा. तिथल्या एका मल्याळी मेकॅनिककडे नाना गाडी नेतात. पुढची धुरी जोडणारी यंत्रणा त्यांच्या गाडीत व्हॅक्यूमवर चालते. बारीक रबरी नळ्या, दोन झडपा आणि एक स्विच. इथल्या उन्हात रबर कडक होतं, चिरतं, हवा खातं, आणि डॅशबोर्डवर पुढच्या चाकांचे दिवे लुकलुकत राहतात. मेकॅनिकने एका दुपारी सगळं बदलून टाकलं आणि सांगितलं, "सब चेंज किया सार, ओक्के."

"सब क्यों? खराब कौनसा था?"

"सार, अब सब नया है."

"वो ठीक है. खराब कौनसा था?"

मेकॅनिकने टोपलीतून जुन्या नळ्यांचा गुंता काढून हातात दिला. नाना तो घरी घेऊन आले. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे ते रात्री बादलीत पाणी घेऊन बसले होते आणि एकेक नळी पाण्यात बुडवून तोंडाने फुंकत होते. दोषी नळी सापडली. ती वहीच्या त्या पानाला टेपने चिकटवलेली आहे.

नानांना मी इतकं बोलतोय, पण एका बाबतीत त्यांचं ऐकावं. नवखा माणूस घाईत ओढायचा दोर गाडीमागच्या टो-बॉलला अडकवतो. दिसायला भक्कम लोखंडी गोळा, कुणालाही मोह होईल. ताण आला की तो तुटू शकतो, आणि तुटला तर सुसाट उडून पलीकडच्या काचेतून आत जातो. माणसं दगावली आहेत यात. नाना हे दिसताच वही टाकून धावतात. एरवी 'अरे बाळा' म्हणणारा माणूस अशा वेळी ज्या मराठीत बोलतो, ते मराठी सांगलीबाहेर फारसं छापलं जात नाही. दोर सोडवून चॅसीच्या हुकाला लावतात, पोरांना दूर पिटाळतात, आणि मग वही उचलून वाळू झटकून पुन्हा विचारतात, "हां. तर हवा किती होती?"

नानांचा सर्वांत मोठा पराभव फॉसिल रॉकच्या मागे झाला. एक गाडी पोटावर बसली होती, म्हणजे चारही चाकं खड्ड्यात आणि मधला भाग वाळूवर टेकलेला. नाना पालथे पडून बंपरखाली बघत होते. गाल वाळूत, टोपी बाजूला, एक डोळा मिटलेला. चाळीस मिनिटं झाली होती. संशयित तीन उरले होते: फ्यूज, चाकाचा सेन्सर, आणि मालक. एवढ्यात टेकाडावरून एक जुनी लँड क्रूझर पिकअप घरंगळत आली. पांढऱ्या कंदुऱ्यातला अमिराती पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं, पायात काही नाही. उतरला, सलाम केला, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला अनवाणी पायाने ढोसलं आणि म्हणाला, "हवा!"

मग त्याने कंबरेत वाकून किल्लीच्या टोकाने चारही व्हॉल्व्ह दाबले. किती सोडली ते त्याने मोजलं नाही. कानाने ऐकलं असावं. दोर बांधला, मागे हटला, हळूच ताण दिला, गाडी बाहेर. दोर गुंडाळला. "यल्ला," म्हणाला आणि टेकाडापलीकडे गेला. कुणी चहा विचारायच्या आत.

नाना उठून उभे राहिले. अर्ध्या चेहऱ्याला वाळू चिकटली होती.

"त्याने काही विचारलंच नाही," ते म्हणाले.

मालकाने आनंदाने टाळी दिली. नानांनी ती घेतली नाही. कारणाच्या रकान्यात त्या दिवशी त्यांनी लिहिलं: 'बाह्य हस्तक्षेपामुळे पुरावा नष्ट.' परतताना ताफा मदामच्या त्या सोडून दिलेल्या वस्तीपाशी थांबला. १९७० च्या दशकात बांधलेली घरं, खिडक्यांपर्यंत वाळू भरलेली. एरवी नाना तिथे काही ना काही बोलतात. त्या दिवशी एका दाराशी उभे राहून आतल्या ढिगाकडे बघत राहिले. घराला चाकं नसल्यामुळे निदानाची सोय नव्हती.

आता काकू. काकूंनी शारजात लायसन्स काढलं, म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. परीक्षक नापास करून करून माणसाला नम्र करतो. वाळूत काकू ब्रेक जवळजवळ लावत नाहीत. ब्रेक लावला की चाकापुढे वाळूचा बांध तयार होतो आणि पुन्हा निघताना तोच आडवा येतो. थांबायचं तर पाय काढून घेतात, गाडी आपोआप थांबते, आणि ती नेमकी उताराला तोंड करून थांबते. हे त्यांना कुणी शिकवलं, असं विचारलं तर म्हणतात, "ह्यांनीच. म्हणजे हे बाहेर उभं राहून दुसऱ्यांना सांगत असतात ना, ते काचेतून ऐकू येतं."

परवा मदामच्या पुढे कडक मातीचा पट्टा लागला, म्हणून काकूंनी गाडी टू-हायवर घेतली. दोन वळणांनंतर माती संपली आणि मऊ वाळू सुरू झाली. मागची चाकं फिरायला लागली, गाडी बसायला लागली.

"फोर-हाय टाक!" नाना ओरडले, आणि काकूंनी टाकायची वाट न बघता शेजारून हात घालून दांडा ओढला.

डॅशबोर्डवर पुढच्या चाकांचे दिवे लुकलुकू लागले. लुकलुकतच राहिले. गाडी थांबली. नाना उतरले. वहीसकट.

आम्ही पोहे सोडले नाहीत, कारण हे किती वेळ चालेल ते ठाऊक होतं. नानांनी हवा मोजली: चौदा, स्वतःच सोडलेली, वाद नाही. बॉनेट उघडलं. नव्या नळ्या बोटांनी दाबून पाहिल्या. फ्यूज काढला, उजेडात धरला, परत बसवला. झडपांना कान लावला. मग गाडीखाली शिरले. आतून म्हणाले, "गाडी हलवू नकोस."

काकू म्हणाल्या, "तुम्ही आधी बाहेर या, मग हलवत नाही."

नाना बाहेर आले आणि टॉर्च आणायला डिकीकडे गेले. काकूंनी स्टिअरिंग सरळ केलं, रिव्हर्स टाकला आणि पायाचा भार जेमतेम ठेवला. गाडी हातभर मागे सरकली. आत कुठेतरी टक् झालं. दिवे स्थिर झाले. मग त्या आपल्याच चाकोरीतून आल्या तशा मागे गेल्या आणि कडक मातीवर जाऊन थांबल्या. नाना टॉर्च घेऊन मोकळ्या वाळूत उभे.

ते चालत गेले. आम्ही कॅसेरोल घेऊन मागोमाग.

"काय केलंस?"

"काही नाही. मागे घेतली."

"दिवा कशाने लागला?"

"अहो, चाकं सुसाट फिरत असताना तुम्ही दांडा ओढलात. मागची फिरतायत, पुढची उभी आहेत, त्यात ते दाते जुळायचे कसे? पुस्तकात छापलंय तसं, चाकं घसरत असताना दांडा हलवू नका म्हणून. थांबून जरा मागे घेतली, जुळले."

सगळे नानांकडे बघायला लागले. माझी खात्री होती, आता नळी निघेल, झडप निघेल, सनायातला मेकॅनिक निघेल. नानांनी वही उघडली. पेन कारणाच्या रकान्यावर आणलं आणि तिथेच थांबले.

"हा तुझा तर्क झाला," ते म्हणाले. "माझंच नाव लिहायचं असेल तर पुरावा पक्का हवा. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी मागितला असता की नाही?"

"असता," काकू म्हणाल्या.

"मग चल. टू-हाय कर. तिथेच ने. मी परत तसाच ओढतो. तसाच दिवा लुकलुकला तर लिहितो."

काकूंनी आमच्याकडे बघितलं, आमच्या हातातल्या पोह्यांकडे बघितलं, आरसा नीट केला आणि गाडी पहिल्या गिअरात टाकली. नाना शेजारी बसले, डावा हात दांड्यावर, वही मांडीवर. तेवढ्यात वॉकीटॉकीवर पलीकडच्या टेकाडावरून लीडचा आवाज आला. "नाना, रुतलात का? माणसं पाठवू?"

नानांनी बटण दाबलं. "अजून नाही. आत्ता रुततोय. दहा मिनिटं थांबा, आणि कुणीही दोर घेऊन येऊ नका."